‘आपल्या वेळी असं काही नव्हतं’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



बाई खाली पहिल्या रांगेत आणि मी वर माइकसमोर, ही उलटी व्यवस्था मला अजून पचलेली नाही. काही चुकलं तर बाईंनी तिथूनच हात वर करावा, ही विनंती.

संयोजकांनी मला सांगितलं, "निवृत्तीनंतर तू जे काम करतेस त्याबद्दल पंधरा मिनिटं बोल." माझं काम थोडक्यात सांगते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार आली, की ती ऐकायला कार्यालयात एक अंतर्गत समिती असते. त्या समितीत एक सदस्य कार्यालयाबाहेरचा असावा लागतो. मी काही ठिकाणी ती बाहेरची सदस्य आहे. तिथे जे ऐकते ते गोपनीय असतं, त्यामुळे त्यातलं एकही प्रकरण मी इथे सांगणार नाही. पण त्या खोलीत बसून एक गोष्ट शिकले, ती मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेतून फिशपाँड वगळले, हे तुम्ही पाहिलंच असेल. काहींना ते आवडलेलं नाही. तयारीच्या बैठकीत एक मित्र कळकळीने म्हणाला, "इतकी वर्षं फिशपाँड होतायत, एकाही माणसाने तक्रार केली नाही. आपल्या वेळी असं काही नव्हतं. आत्ताच हे कुठून आलं?"

त्याचं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. तक्रार कुणीच केली नाही. फक्त दरवर्षी काही माणसं यायची बंद झाली. आपल्या तुकडीत मुलामुलींची संख्या जवळपास सारखी होती. आता जरा या सभागृहात नजर फिरवा. मी मोजून सांगत नाही, तुम्हीच मोजा. जिच्या रंगावर दहावीच्या निरोप समारंभात फिशपाँड पडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक मेळाव्यात तोच पुन्हा वाचला गेला, ती आज नाही. ज्याला ‘सरकारचा जावई’ म्हणून आपण हसत हाक मारायचो तोही नाही. त्यांनी भांडण केलं नाही, पत्र लिहिलं नाही. ते आले नाहीत, एवढंच.

या सगळ्याच्या मुळाशी जे आहे त्याला पुस्तकात ‘विशेषाधिकार’ म्हणतात. हा शब्द ऐकला की शिवडीकराला हसू येतं. दहा बाय बाराची खोली, मजल्यावर सामायिक संडास, पहाटे नळावर रांग, आणि आम्ही म्हणे विशेषाधिकारवाले! म्हणून मी आपला वाण्याच्या दुकानातला शब्द वापरते : झुकतं माप. तराजू ज्याच्या बाजूने झुकलेला असतो, तो तराजूकडे बघत नाही. पुडी घेऊन घरी जातो. काट्याकडे टक लावून बघतो तो, ज्याला दर वेळी छटाकभर कमी मिळतं. म्हणून एकाच दुकानातून आलेली दोन माणसं शपथेवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

हे माप कायम एकाच माणसाकडे झुकलेलं असतं असंही नाही. माझंच सांगते. माझी आई टी.बी. हॉस्पिटलात आया होती. त्या काळी मुंबईत कुणाला ‘शिवडीला पाठवलं’ म्हटलं, की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरायचा. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. माझ्या डब्यात कुणी घालायचं नाही. कुणी काही बोलायचंही नाही. आज तुम्ही आठवण काढता, "आपण सगळे एकत्र डबा खायचो," तेव्हा तुम्ही खरंच बोलता. त्या गोलात जे होते ते सगळे एकत्रच खायचे.

आणि आता उलट बाजू. आपली तुकडी १९८२ च्या दहावीची. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मार्चमध्ये आपली परीक्षा. वर्गातल्या किती घरांत त्या दिवसांत पगार बंद होता, आठवा. माझ्या घरी आईचा पगार पहिल्या तारखेला येत होता. डब्यापुरतं माप माझ्या विरुद्ध होतं. पण त्या तीन महिन्यांत ते माझ्या बाजूला झुकलेलं होतं. गिरणी कामगाराच्या मुलीला रात्री अभ्यासाला बसताना काय वाटत होतं, हे मी तिच्या वतीने सांगू शकत नाही. तिलाच विचारावं लागेल.

आता आपल्याच भागातली दोन उदाहरणं देते. दोन्ही इथून बसने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर घडली.

पहिलं १९२८ सालचं. त्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा त्यात असतील. ते उपाशी राहिले, मालकांपुढे झुकले नाहीत, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण त्याच गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. का? धोट्यातली कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ. विणाई खात्यात पगार चांगला, म्हणून तिथे सवर्ण कामगार. अस्पृश्यांनी राहायचं कमी पगाराच्या सूत खात्यात.

हा नियम मालकाने फळ्यावर लिहिलेला नव्हता. ज्याला स्वतः मालक पिळत होता, त्या कामगारानेच तो पाळला होता. आणि संपाच्या मागण्या ठरवायला जे पुढारी बसले त्यांना ही मागणी सुचली नाही. ते दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यांच्यापैकी कुणाला विणाई खात्याच्या दारातून परत फिरावं लागलं नव्हतं म्हणून. डॉ. आंबेडकरांनी ठणकावून सांगितलं, की सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घ्या, नाहीतर मी माझ्या लोकांना संपात उतरू नका म्हणून सांगेन. तेव्हा ती मागणी नाखुशीने घेतली गेली. आणि ती पुढे ठेवल्यावर गिरणीमालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असलाच, तर तो आम्ही केलेला नाही! मालकाने कामगारांना असं ऐकवावं, आणि त्यावर कामगारांकडे उत्तर नसावं, यापेक्षा मोठी नामुष्की कोणती?

तेव्हाही आंबेडकरांना ऐकावं लागलं, की अशा गोष्टी काढल्या की एकी फुटते. पण पुढचा इतिहास बघा. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे होते. प्रश्न काढल्याने एकी कायमची फुटली नव्हती.

दुसरं उदाहरण परळचं, के.ई.एम. हॉस्पिटलचं. २७ नोव्हेंबर १९७३. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. जवळपास ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. के.ई.एम.च्या परिचारिकांच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्यांची घरच्या माणसासारखी सेवा केली. त्यांना तिथून हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा याच परिचारिका आडव्या आल्या. तो भाग आपल्याला माहीत असतो.

कमी सांगितला जातो तो भाग असा. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. त्या लग्न ठरलेल्या तरुण मुलीची बदनामी नको, असा विचार तेव्हा झाला, असं सांगितलं जातं. विचार करणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना ती दयाच वाटली असेल. पण झालं काय? जे घडलं ते कागदावर घडलंच नाही.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हल्ला करणारा हुद्द्याने खालचा होता. म्हणजे छळ नेहमी वरचाच माणूस करतो असं नाही. पण छळाला नाव काय द्यायचं, तो नोंदवायचा की नाही, हे मात्र वरची माणसं ठरवतात. झुकतं माप तिथे असतं. ‘असं काही नव्हतं’ हे वाक्य तिथे तयार होतं.

कायद्यातही हेच दिसतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. खालच्या न्यायालयात ते सुटले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, एका गरीब आदिवासी मुलीने आरडाओरडा करायचा तो कुणाला बोलवायला? पोलिसांना? हा प्रश्न उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारला. १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

आपण नेहमी विचारतो, "मग तेव्हाच का नाही बोललीस?" हा त्याच जातीचा प्रश्न आहे. ज्याचं म्हणणं लगेच ऐकलं जातं, त्यालाच तो साधा वाटतो.

मी ज्या समित्यांवर बसते त्यांचा उगमही असाच आहे. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी, कुंभार समाजातली, सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करणारी. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. आरोपी गावातले वरचढ जातीचे. १९९५ मध्ये ते अत्याचाराच्या आरोपातून सुटले. तिच्या निमित्ताने महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. आज वातानुकूलित कार्यालयातल्या आपल्या लेकीसुनांना तक्रारीची जी सोय आहे, ती एका खेड्यातल्या बाईमुळे आहे, जिला स्वतःला न्याय मिळाला नाही.

आणि त्या कायद्याचा उपयोग आज कोण करू शकतं? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयाला समिती नेमावीच लागते. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींसाठी, छोट्या दुकानातल्या मुलीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? आणि आपल्याकडे येणाऱ्या मावशींना किती जणांनी सांगितलं आहे? गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या उणिवांवर बोट ठेवलं. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आता तुमच्या मनातल्या शंकेकडे येते. "उद्या कुणी खोटी तक्रार केली तर?" रास्त शंका आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही पूर्ण ऐकलं पाहिजे, त्याला कागद मिळाले पाहिजेत, त्याचं नाव चव्हाट्यावर येता कामा नये. कायद्यात हे सगळं आहे. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईही आहे. पण त्याच कलमात असंही लिहिलं आहे, की नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ही शंका आपल्याला पहिल्या मिनिटाला सुचते. "खरी तक्रार असूनही कुणी आलंच नाही तर?" ही शंका सुचायला वेळ लागतो. हा फरक कुठून येतो, ते आता तुम्हाला सांगायला नको.

दुसरी शंका : "मग हसायचंच नाही का?" हसूया ना! गॅदरिंगमध्ये सरांची हुबेहूब नक्कल करणारा आपला मित्र आजही करणार आहे, आणि सर स्वतः खुर्ची पुढे ओढून बसले आहेत. सरांना ते आवडतं, हे आपण त्यांना विचारून घेतलं आहे. विनोद आणि छळ यांच्यातली रेघ तिथेच आहे. ज्याच्यावर हसायचं त्याला विचारलं होतं का?

या बाबतीत आपल्या शाळेनेच आपल्याला एक धडा दिला आहे. मागच्या जिन्यात एक टोळकं उभं असायचं, म्हणून वर्गातल्या बऱ्याच मुली पुढच्या जिन्याने लांबचा फेरा घालायच्या. मुलांना विचाराल तर शाळेला दोन जिने होते. आम्हाला एकच होता. आम्ही कुणी तक्रार केली नाही. पण एका बाईंच्या लक्षात आलं, की मुली रोज प्रार्थनेला उशिरा येतात. त्यांनी कुणाची चौकशी केली नाही, कुणाकडे पुरावा मागितला नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या जिन्याखाली खुर्ची टाकून त्या सकाळी वह्या तपासायला बसू लागल्या. आठवड्याभरात जिना मोकळा झाला. बाई, तुम्ही हे विसरलाही असाल. आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा संघापुढे मी तीन सूचना ठेवते. आपला माजी विद्यार्थी संघ म्हणजे काही कार्यालय नाही, कुठला कायदा समिती नेमायला भाग पाडत नाही. म्हणून आपण होऊन ठरवायचं आहे.

पहिली. कुणाला काही खटकलं तर सांगायला दोन माणसं नेमावीत. एक तरी स्त्री असावी आणि दोघंही पदाधिकारी नसावेत. पदाधिकाऱ्याबद्दलच बोलायचं असेल तर माणूस जाणार कुठे? त्यांची नावं निमंत्रणपत्रिकेवर छापावीत. नाव छापलं म्हणजे रोज तक्रारी येतील असं नाही. पण आली तर तिला दार माहीत असेल.

दुसरी. आपल्यातले काही जण आता शाळेत मार्गदर्शनाला, शिकवणीला जाणार आहेत. फार चांगलं काम आहे. पण शाळेतला शिक्षक हजर असल्याशिवाय कुणीही मुलांना एकट्याने भेटू नये, मग तो कितीही मोठा देणगीदार असो. आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कुणालाही कळलं, तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव, संघाचं नाव यातलं काहीही त्याच्या आड येऊ शकत नाही.

तिसरी सूचना पैशाची आणि वेळेची. गेल्या वेळचा मेळावा शहराबाहेरच्या रिसॉर्टवर, मुक्कामी होता. वर्गणी भरताना किती घरांत विचार करावा लागला असेल? रात्री मुक्कामाला किती जणींना जमलं असेल? आणि पोहोचल्यावर पहिला कार्यक्रम काय, तर प्रत्येकाने उभं राहून सध्या काय करतो ते सांगायचं. आपला एक वर्गमित्र सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करतो, त्याने चार परदेशी सहलींनंतर उभं राहून काय सांगावं? त्याला कुणी ‘येऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. आज आपण शाळेच्या या सभागृहात, दुपारी, वर्गणी ऐच्छिक ठेवून जमलो आहोत. यंदा शेवटच्या रांगेत काही चेहरे मला फार वर्षांनी दिसत आहेत. हे असंच चालू ठेवावं.

या तिन्ही सूचना लेखी स्वरूपात मी सचिवांकडे दिल्या आहेत. सर्वसाधारण सभेत त्यांवर चर्चा होईल, विरोधही होईल, तो व्हायलाच हवा. एकच विनंती आहे. चर्चा सुरू करण्याआधी, खोलीत कोण कोण आहे आणि कोण नाही, हे एकदा मोजा. विणाई खात्याचा प्रश्न विणाई खात्यातल्याच माणसांनी बसून सुटणार नाही.

आणि तोपर्यंत एक छोटं काम प्रत्येकाने करावं. आज न आलेल्या एका मैत्रिणीला, एका मित्राला फोन करा. "का आली नाहीस?" असं विचारू नका, त्यात जाब विचारल्यासारखं वाटतं. "आम्ही काय बदललं तर येशील?" असं विचारा. मग मधे न बोलता ऐका. जे ऐकाल ते पटेलच असं नाही. पण सभेला याल तेव्हा तेवढं घेऊन या.